नस बसवणारे, मशीन लावणारे आणि तुमचा दुखरा खांदा

मागच्या महिन्यात एक काकू ओपीडीत आल्या. वय ५४, नऊ वर्षांपासून मधुमेह. उजवा खांदा पूर्ण धरलेला. हात वर जात नव्हता, मागे तर कंबरेपर्यंतही पोचत नव्हता. म्हणाल्या, "डॉक्टर, दुखण्याचं सोडा. स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येत नाही. रोज सकाळी सुनेला हाक मारावी लागते, त्याची लाज वाटते."

आतापर्यंत काय उपचार घेतले, असं विचारलं तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढले. सगळ्यात खालचा कागद माझाच होता. चार महिन्यांपूर्वी मी त्यांना पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या आणि खाली एक ओळ खरडली होती: 'फिजिओथेरपी – १० दिवस'. कोणती, कशासाठी, घरी काय करायचं, यातलं काहीही त्यावर नव्हतं.

काकूंनी दहा दिवस इमानेइतबारे फिजिओथेरपी केली. रोज वीस मिनिटं खांद्याला पट्टे बांधून करंट, मग जेल लावून एक मशीन, मग शेक. दहा दिवसांत त्यांचा हात कुणी उचलूनसुद्धा पाहिला नाही. फरक पडला नाही, म्हणून शेजारणीने सांगितलेल्या एका 'नस बसवणाऱ्या'कडे त्या गेल्या. त्याने त्यांना उताणं झोपवलं आणि बेसावध असताना हात एका झटक्यात डोक्यावर ओढला. 'कट्ट' असा आवाज आला. तो म्हणाला, "बघा, सुटली नस." काकू मोठ्याने ओरडल्या. त्या रात्रीपासून त्यांना त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. मी घाईने एक्स-रे काढला. नशिबाने हाड शाबूत होतं.

हा लेख समजावून सांगण्यासाठी आहेच, पण खरं सांगायचं तर आज मी भांडायला बसलो आहे. भांडण तिघांशी आहे: झटके देऊन 'बसवणाऱ्यां'शी, हात न लावता नुसतं मशीन लावणाऱ्यांशी आणि एका ओळीत जबाबदारी झटकणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांशी.

आधी हाताच्या बाजूने

स्नायू, स्नायूबंध, सांध्याभोवतीचं आवरण यांच्या दुखण्यावर हाताने केलेल्या उपचारांना मॅन्युअल थेरपी म्हणतात. ही काही जडीबुटी नाही. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले डॉ. जेम्स सिरिॲक्स यांनी विसाव्या शतकात मऊ ऊतींची तपासणी पद्धतशीरपणे कशी करायची, हे डॉक्टरांना शिकवलं. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी सांधा हलवण्याच्या जोराच्या पायऱ्या ठरवल्या. त्यांतल्या पहिल्या दोन अगदी हलक्या, दुखणं शमवण्यासाठी. तिसरी आणि चौथी हालचालीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या, आखडलेपणासाठी. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट सांध्याला हलका आधार देऊन धरतो आणि हालचाल रुग्ण स्वतः करतो. त्यांचा नियम साफ आहे: हे करताना दुखता कामा नये. दुखलं तर दिशा बदला किंवा थांबा.

म्हणजे या विद्येत ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांनी सगळा जोर तपासणीवर आणि मोजून हात लावण्यावर दिला. 'ओरडला म्हणजे लागू पडलं' हा नियम त्यांचा नाही.

योग्य हाताने दुखणं कमी होतं का? हो, होतं. हालचाल वाढते का? हो, बऱ्याचदा त्याच बैठकीत वाढते. पण हा फरक बहुधा मध्यम असतो आणि थोडा काळ टिकतो, काही तास ते काही दिवस. त्या वेळेत तुम्ही हात वापरला, व्यायाम केला, तर मिळवलेलं पदरात राहतं. घरी जाऊन हात पुन्हा पोटाशी धरून बसलात, तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीबद्दल सांगितलं की, हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामासोबत द्या, एकटे नकोत. मी हाताच्या उपचारांच्या बाजूने आहे, तो एवढ्या अटीसह.

'सरकलं होतं, बसवलं' ही थाप आहे

'मणका सरकला', 'नस चढली', 'गादी हलली', 'कंबर सुटली'. दुखणाऱ्या माणसाला हे शब्द पटतात, कारण आत तसंच काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं.

मणक्याचे सांधे जाड बंधांनी आवळलेले असतात. ते शिंकेने सरकत नाहीत आणि अंगठ्याने दाबून परत बसतही नाहीत. अपघातात सांधा खरोखर निखळतो तेव्हा तो माणूस चालत दुकानात येत नाही, त्याला उचलून आणावं लागतं. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कंबरेच्या सॅक्रोइलिॲक सांध्याच्या 'बसवण्या'आधी आणि नंतर अत्यंत अचूक क्ष-किरण मोजमापं घेतली. तपासणाऱ्या हातांना वाटत होतं की जागा बदलली. हाडांची जागा मात्र बदललेलीच नव्हती.

ही 'सरकण्या'ची गोष्ट आपल्या गावचीच आहे असंही नाही. अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिक सुरू केलं, ते मणक्याची हाडं जागेवरून हलल्याने रोग होतात, याच कल्पनेवर. आज फोनवर पाठ-मान कडाकडा वाजवण्याचे जे व्हिडिओ तुम्ही पाहता, त्यांच्यामागे तीच जुनी कल्पना नव्या कपड्यांत उभी आहे.

मग तो 'कट्ट' आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटाचा सांधा वाजताना त्याचं एमआरआय चित्रीकरण झालं, त्यात ही पोकळी तयार होताना दिसली. बोटं मोडताना होतो तोच हा आवाज. त्याने काही बसत नाही, काही सुटत नाही. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड उंगर यांनी तर साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं रोज मोडली आणि दुसऱ्या हाताशी तुलना केली. दोन्ही हात सारखेच राहिले. बोटं मोडल्याने संधिवात होत नाही आणि आवाज आला म्हणून कुणी बरंही होत नाही.

'गाठी फोडण्या'चंही तसंच आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं किंवा तळपायाचं जाड आवरण हाताने किती ताणता येतं, याचं गणित २००८ मध्ये मांडलं गेलं. त्याचा आकार एक टक्का बदलायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो. म्हणजे कोपराने दाबून तुमची 'गाठ फोडली' जात नाही. चांगल्या स्पर्शाने मज्जासंस्था शांत होते, आवळलेला स्नायू सैल पडतो आणि बोटाला लागणारा कडकपणा कमी होतो. हे उपयोगी आहे, पण त्यासाठी अंग काळंनिळं करायची गरज नाही. मालिशीनंतर दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसले, तर ती उपचाराची खूण समजू नका. त्या कातडीखाली रक्त साकळलं आहे.

"पण मला तर लगेच बरं वाटलं!"

हे वाक्य मी रोज ऐकतो आणि ते खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न आहे कशामुळे बरं वाटलं हा.

आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घेण्याची पद्धत होती. काही गावांत अजून आहे. जन्मताना जो पायाकडून आला, त्याच्या पायात गुण, अशी समजूत. आणि लोकांना गुण येतही असे! कारण साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माणूस पायाळूकडे कधी जायचा? दुखणं सगळ्यात जास्त असेल त्या दिवशी. त्यानंतर दुखणं उतरणारच होतं. श्रेय मात्र लाथेला मिळालं.

त्यात विश्वासाची भर पडते. कुणीतरी तुमच्या दुखण्याची दखल घेतली, नेमक्या जागी हात ठेवला, 'होईल बरं' म्हटलं. याने भीती कमी होते आणि भीती कमी झाली की दुखणंही कमी होतं. यात काही कमीपणा नाही. उलट, सहा मिनिटांत पेशंट संपवणाऱ्या आम्ही डॉक्टरांनी यातून शिकायला हवं. लोक नस बसवणाऱ्याकडे मूर्ख म्हणून जात नाहीत. तिथे निदान कुणीतरी त्यांना हात लावतं, म्हणून जातात.

पण 'बरं वाटलं' ही सबब पुढच्या गोष्टीसाठी चालणार नाही.

सलूनमधली मान मोडणं बंद करा

दाढी झाली, चंपी झाली आणि शेवटी मान धरून एकदा डावीकडे 'कट्ट', एकदा उजवीकडे 'कट्ट'. वीस-तीस रुपये जास्तीचे, किंवा फुकटही. मान मोडणाऱ्या कारागिराला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवलं, ते तो करतो. दोष देतो तो हे माहीत असून गप्प बसणाऱ्यांना.

मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या जातात. मान झटक्याने पिळली की क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते. तिथे गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. असं क्वचितच होतं, हे मी लपवत नाही. पण ज्याला होतं, तो अनेकदा तरुण, धडधाकट माणूस असतो. त्यासाठी झटकाच हवा असंही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतून पाच बायकांची हकीकत प्रसिद्ध झाली. ब्यूटी पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान मागे टाकून बसल्याने त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला होता.

ज्या गोष्टीचा फायदा दोन मिनिटांचा आणि धोका आयुष्यभराचा, ती न केलेलीच बरी. पुढच्या वेळी कारागीर मानेला हात घालेल तेव्हा स्पष्ट सांगा, "मान नको." मान मोडल्यावर कधीही झाली नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही झालं तर झोपून वाट पाहू नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

आता मशीनवाल्यांकडे वळतो

इथे माझे काही मित्र नाराज होतील, होऊ देत.

आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी घ्यायला कित्येक वर्षं लागतात. त्यात शरीररचना येते, सांधे तपासणं येतं, हाताचे उपचार येतात, व्यायाम येतो. आणि मग तीच पदवी घेतलेली मुलं-मुली अनेक ठिकाणी मशीनचं बटण दाबायला उभी केली जातात. कारण सरळ आहे. एका पेशंटला हाताने उपचार द्यायला अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात सहा टेबलांवर सहा मशीनं लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला नीट समजावणं, व्यायाम, मालिश, मणक्याचे हाताचे उपचार या गोष्टी देता येतील असं म्हटलं आहे. आणि जे नेहमी देऊ नये, त्या यादीत ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्सचा करंट आणि कंबरेचा पट्टा आहे. ही यादी तुमच्या घरातल्या फायलीशी ताडून पाहा. जे देऊ नये म्हटलं, नेमकं तेच बहुतेकांना मिळालेलं असतं.

पण यात तुमचाही वाटा आहे. एखादा चांगला थेरपिस्ट अर्धा तास तपासतो, हात लावतो, दोन व्यायाम शिकवतो. बाहेर येऊन लोक म्हणतात, "मशीन लावलंच नाही, मग पैसे कशाचे घेतले?" बाबांनो, पैसे त्या अर्ध्या तासाचे आणि त्या हातांचे आहेत. मशीनला लाइट जाईपर्यंत कळत नाही की खाली कोण झोपलंय.

मग धरलेल्या खांद्याचं काय करायचं?

काकूंना झाला होता तो फ्रोझन शोल्डर. बहुतेकदा चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांमध्ये जास्त, मधुमेहात तर खूपच जास्त. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आकसतं. घरच्या घरी एक खूण पाहा. कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. फ्रोझन शोल्डरमध्ये ही हालचाल फार लवकर जाते. आणि दुसऱ्या कुणी हात हलक्याने फिरवून पाहिला, तरी तो तिथेच अडतो.

या आजाराच्या तीन अवस्था असतात. आधी दुखण्याची, मग आखडण्याची, मग हळूहळू सुटण्याची. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागतात. कुठल्या अवस्थेत काय करायचं, इथेच सगळी गोम आहे.

दुखण्याच्या अवस्थेत आवरण सुजलेलं असतं. तेव्हा जोरात ओढणं म्हणजे सुजलेल्या घोट्यावर उड्या मारणं. नेदरलँड्समधला २००४ चा ७७ रुग्णांचा एक अभ्यास आहे. एका गटाला दुखलं तरी ताणण्याचे जोरदार व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगून, दुखणार नाही इतपतच हलके व्यायाम दिले. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोरदार गटात ६३ टक्के. अभ्यास लहान आहे आणि त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे त्यावर सगळी भिंत उभी करत नाही. पण 'ओढल्याशिवाय सुटत नाही' म्हणणाऱ्यांनी तो वाचावाच.

या अवस्थेत सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं चांगलं कमी करू शकतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहावी लागते. आखडण्याच्या अवस्थेत मात्र हाताच्या उपचारांना खरा अर्थ येतो. तेव्हा सांधा टोकापर्यंत नेऊन, मोजून ताण देता येतो आणि घरी दिवसातून अनेकदा थोडाथोडा व्यायाम करता येतो. भूल देऊन खांदा सोडवणं किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हे मार्गही आहेत. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात इंजेक्शनसह शिस्तशीर फिजिओथेरपी, भुलीखाली खांदा सोडवणं आणि शस्त्रक्रिया, या तिन्हींची तुलना झाली. वर्षभरानंतर रुग्णाला जाणवेल इतकी आघाडी यांपैकी कुणालाच नव्हती.

हात लावू देण्याआधी हे विचारा

- मला काय झालंय, हे साध्या शब्दांत सांगाल का? (उत्तर 'सरकलंय', 'चढलंय' असेल तर उठा.)
- तुमची पदवी कोणती आणि नोंदणी कुठे आहे?
- किती बैठका? किती दिवसांत फरक दिसला नाही तर थांबायचं?
- घरी मी काय करायचं? (याला उत्तर नसेल तर उपचार अर्धाच आहे.)
- दुखलं तर थांबाल का?

आणि पुढीलपैकी काही असेल, तर कुणालाही चोळू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा:

- पाठदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भरपूर दिसतो.
- हातापायात वाढत जाणारी कमजोरी, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं.
- एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.
- पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतरचं दुखणं. विशेषतः लहान मुलाचं कोपर. तेल लावून चोळलेल्या कोपरात स्नायूमध्येच हाड तयार होऊन ते कायमचं आखडतं.
- हाडं ठिसूळ असणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं.
- डावा खांदा किंवा हात दुखतोय आणि सोबत घाम, धाप, छातीत जडपणा. इथे बाम चोळण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो.

शेवटी माझ्याबद्दल

काकूंच्या कागदावर मी यावेळी एक ओळ लिहिली नाही, पान भरलं. निदान लिहिलं, अवस्था लिहिली, 'झटका देऊ नये, दुखण्याच्या आत राहावे' असं लिहिलं. साखरेच्या गोळ्या बदलल्या, कारण तीन महिन्यांची सरासरी साखर फारच वर होती. ते मी चार महिन्यांपूर्वीच तपासायला हवं होतं. ज्या थेरपिस्टकडे पाठवलं, तिला फोन करून बोललो. सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं लागली. बाहेर रांग होती, लोक कुरकुरले.

परवा काकू पुन्हा आल्या होत्या. अंबाडा अजून जमत नाही. पण त्या कुशीवर झोप लागते आणि हात कानापर्यंत जातो. "वेणी घालते आता," म्हणाल्या, "पुढे घेऊन. मागे जायला अजून दोन-चार महिने लागतील, असं त्या मॅडम म्हणाल्या."

त्या मॅडमनी चमत्कार कबूल केला नाही, महिने सांगितले. तुमच्या डॉक्टरने यापुढे नुसतं 'फिजिओथेरपी – १० दिवस' लिहून दिलं, तर कागद घेऊन उठू नका. बसा आणि विचारा, "कोणती? कशासाठी? आणि घरी मी काय करायचं?" डॉक्टर मी असलो, तरीही.